आधारचा बिल्ला

झुलाल आबा बोलायला उभे राहिले की घड्याळाने खुशाल झोपी जावं. माणूस पंच्याहत्तरीचा, पण आवाज असा की माइक बंद पडला तरी कुणाचं काही अडत नाही. दरवर्षी चार डिसेंबरला, नौदल दिनाच्या दिवशी, जळगावात माजी सैनिकांचा छोटा मेळावा भरतो आणि त्यात शेवटचं भाषण आबांचंच. एकाहत्तरच्या लढाईत दारूगोळ्याच्या जहाजावर नोकरी केलेला या मेळाव्यात हा एकच माणूस उरलाय, मग मान दुसऱ्या कुणाला द्यायचा?

"लढाऊ जहाज तुम्ही चित्रात पाहता," आबा सुरुवात करायचे. "आमच्या जहाजाचं चित्र कोण काढतो? आमचं जहाज म्हणजे पाण्यावरचं गोदाम. दुसऱ्यांच्या तोफांना गोळे पुरवायचे आणि आपण काडेपेटीवर घर बांधून राहायचं. बिडी ओढायची तर स्वप्नात!"

लोक हसायचे. मग आबा त्यांना कोठारात घेऊन जायचे. तीन मजले खाली, समुद्राच्या पातळीच्याही खाली. ना वारा, ना उजेड. पायात बिनखिळ्यांचे कापडी बूट, कारण लोखंडावर लोखंड घासून ठिणगी उडाली की संपलं, हातोडीसुद्धा लाकडाची. प्रत्येकाला नंबराचा एक पितळी बिल्ला. आत जाताना तो दाराशी फळ्यावरच्या आकड्याला टांगायचा, बाहेर येताना उचलायचा. आग लागली तर कोठारात समुद्राचं पाणी सोडायचं, पण सोडण्याआधी फळा बघायचा. फळा रिकामा म्हणजे आत कुणी नाही.

"आणि त्या दिवशी आमचा आधार आत राहिला," आबा आवाज खाली आणून म्हणायचे. "आपल्या एरंडोलकडचा पोरगा. त्याच्या एका जिवावर एकशे तीस माणसं घरी आली." मग शाल, नारळ, टाळ्या.

आधार आत राहिला कसा, हे इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही. टाळ्या वाजल्या की माणसं प्रश्न विसरतात, हे आबांना फार लवकर कळलं होतं. त्यांनी त्याचा पुरेपूर फायदाही घेतला. लपवून काय करायचं, घेतलाच.

यंदाच्या मेळाव्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या पिंप्राळ्यातल्या घरी एक पोरगी येऊन बसली. विशीतली, चष्मा लावलेली, मांडीवर कागदांची जाडजूड फाईल.

"मी मृणाली. धुळ्याहून आले," ती म्हणाली. "पंडित बैसाणेंची नात."

आबांनी तोंडाकडे नेलेला चहाचा कप तसाच बशीत ठेवला.

"कोण पंडित, आबा?" सुनेने, दीपमालाने विचारलं. "तुमच्या तोंडून हे नाव कधी ऐकलं नाही."

"होता एक. जहाजावर," आबा म्हणाले.

होता एक! तीन वर्षं ज्याच्या ताटात जेवले तो होता एक. त्या अख्ख्या जहाजावर मल्याळी, पंजाबी, तमिळ माणसांच्या गर्दीत खान्देशातली पोरं तीनच. झुलाल, आधार आणि पंडित. अहिराणी बोलायला मिळावी म्हणून तिघं झोपेच्या वेळेची अदलाबदल करायचे.

मृणाली घरंदाज पोरगी, तिने चहा संपू दिला. मग म्हणाली, "आबा, मी वकिली शिकतेय. आजोबांना नोकरीतून काढलं आणि सहा महिने कैदेत ठेवलं. कारण काय, तर फळ्यावर आधार यांचा बिल्ला टांगलेला असताना त्यांनी पाणी सोडलं. आजोबा आयुष्यभर एकच वाक्य बोलतात, 'फळा रिकामा होता.' चौकशीत कुणी मानलं नाही, कारण नंतर बघितलं तर बिल्ला होता ना आकड्यावर! मी सगळे कागद मिळवले. त्यात तुमची साक्ष आहे. तुम्ही म्हणालात, 'मी वर होतो, मला काही माहीत नाही.'"

"हं," आबा म्हणाले.

"आता त्या जहाजावरचे तुम्ही दोघंच उरलात असं दिसतंय. बाकी कुणाचा पत्ता लागत नाही. मला अर्ज करायचाय, त्यांच्या नावावरचा डाग पुसायचाय. फळा रिकामा असल्याचं तुम्ही पाहिलं असेल तर एवढं एक वाक्य सांगा. त्यांच्यासमोर सांगा. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत."

आबांच्या मुलाने, कुंदनने, गाडीची किल्ली आधीच हातात घेतली होती. "अहो सांगतील की! आमचे आबा खरं बोलायला कुणाच्या बापाला घाबरत नाहीत. चला आबा, आत्ताच जाऊन येऊ."

"माझा गुडघा..."

"गाडीत बसायचंय, पळायचं थोडंच आहे?"

आबांनी दीपमालाकडे पाहिलं, ती एखादा अडथळा काढेल म्हणून. तर ती माउली डब्यात भरीत भरायला लागलेली. "त्यांच्या घरी आजारी माणूस आहे, रिकाम्या हाताने जाऊ नका." धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत. आबा उठले, टोपी घातली आणि आपल्याच घराच्या पायऱ्या चोरासारखे उतरले.

गाडीत मृणाली पुढे बसली, आबा मागे. नातवंडांमुळे मागची दारं आतून उघडत नव्हती. महामार्गाला लागल्यावर आबांनी काच खाली करायचा खटका दाबला, तोही कुंदनने बंद करून ठेवलेला. "धूळ येते आबा, एसी लावलाय," तो म्हणाला. आबांना ओरडून सांगावंसं वाटलं, थांबव, उतरव मला इथेच. पण उतरून जायचं कुठे? एरंडोल मागे पडलं, पारोळा मागे पडलं, आणि दुतर्फा कापसाच्या रानांतून गाडी निघाली ती थांबायचं नाव घेईना.

आता जे घडलं ते सांगून टाकायला हवं. आबा मेळाव्यात सांगतात ते नव्हे, खरं.

जहाजावर गोडं पाणी म्हणजे अमृत. संध्याकाळी पाव तास नळ सुटायचे, तेवढ्यात आंघोळ केली तर केली, नाहीतर खारट अंगाने झोपायचं. त्यात कोठारातली पाळी नेमकी नळ सुटायच्या वेळी संपे. मग खालच्या पोरांनी एक युक्ती काढली होती. जोडीतल्या एकाने पुढच्या शिडीने पळत जाऊन नळापाशी दोघांच्या बादल्या लावायच्या आणि दुसऱ्याने मागच्या दाराने येताना दोघांचे बिल्ले उचलायचे. नियमाला धरून नव्हतं. ज्याचा बिल्ला त्यानेच उचलायचा, दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावला तर शिक्षा ठरलेली. पण रोज करत होते, रोज चालत होतं, आणि रोज चालतं त्याची भीती कुणाला वाटते?

त्या दिवशी बादल्या लावायची पाळी आधारची होती. झुलालने कोपऱ्यात पाहिलं, आधार दिसला नाही. गेला असेल पुढे, असं समजून त्याने दोन बिल्ले उचलले, दोन्ही खिशात घातले आणि वर आला. दाराबाहेर, कोठारात पाणी सोडायच्या चाकाशी पहाऱ्याला पंडित होता. तो पाठमोरा बसून चाकाला तेल देत होता.

वर नळापाशी आधारची बादली नव्हती. आधारही नव्हता. आणि झुलाल इकडेतिकडे बघतोय तोच आगीची घंटा झाली.

कोठाराला लागून असलेल्या खोलीत तेलकट चिंध्यांनी पेट घेतला होता. भिंतीचा रंग फुगून यायला लागला होता. कोठाराची झाकणं धडाधड बंद झाली आणि हुकूम सुटला, पाणी सोडा. झुलालला तेव्हाच कळलं. खिशात दोन बिल्ले आहेत, नळापाशी एक माणूस आहे, म्हणजे दुसरा कुठे आहे हे कळायला काही शाळा शिकावी लागत नाही. तोंड उघडून एवढंच ओरडायचं होतं, 'मझार माणूस शे!' आत माणूस आहे. तीन शब्द. ते गळ्यापर्यंत आले आणि तिथेच अडकले. ओरडलो तर विचारतील, तुला कसं माहीत? बिल्ला तुझ्याकडे कसा?

म्हणून हा शहाणा ओरडला नाही. धावत खाली गेला आणि आधारचा बिल्ला परत आकड्याला टांगून आला. न बोलता सांगायचं, पंडित फळा बघेल आणि थांबेल, असा हिशेब. पण पंडितची पाठ फळ्याकडे होती आणि पाण्याचा आवाज सुरू झालेला होता. फळा बघून मगच त्याने चाक धरलं होतं. झुलाल आला तसा परत पळाला.

तो बिल्ला परत काढायला कुणी गेलं नाही. तोच पंडितला घेऊन बुडाला.

"आबा, बरं वाटत नाही का?" मृणालीने मागे वळून विचारलं.

"बरंय," आबा म्हणाले. पोरगी चांगली होती. तिने आपल्याकडची पाण्याची बाटली दिली, झाकण उघडून दिली. आबांना वाटलं, हिने एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

धुळ्यात देवपूरमध्ये गल्लीच्या टोकाला पंडितचं घर होतं. आबा पुढे झाले आणि सवयीने दारावर थाप मारायला हात उचलला. मृणालीने तो हात वरच्या वर धरला. जोरात धरला.

"आमच्याकडे दार वाजवायचं नाही, आबा. बेलही नाही. हाक मारायची. मी लहान असल्यापासून असंच आहे." मग तिने आत हाक दिली, "आजोबा, आणलं त्यांना!"

आत कुठल्याही दाराला कडी नव्हती. मोरीलासुद्धा नुसता पडदा. पंडित खाटेवर तक्क्याला टेकून बसला होता. अंगात सदरा, पण सदऱ्यात माणूस फार थोडा उरलेला. डोळे मात्र तेच.

"बठ, झुलाल," तो म्हणाला. "कितला दिन व्हयनात रे!"

आबा बसले. मृणालीने फोन स्टुलावर ठेवला आणि त्यावरचं लाल बटण दाबलं. कुंदन दारात हाताची घडी घालून उभा, चेहऱ्यावर बापाचा अभिमान नुसता ओसंडून चाललेला. आबांना त्याला बाहेर पाठवता आलं असतं. गाडीत पाण्याची बाटली राहिली, असं काहीही सांगून. तोंडावर आलंही होतं. पण आयुष्यभर हेच तर केलं, असं वाटून त्यांना स्वतःची किळस आली.

"फळा रिकामाच होता," आबा म्हणाले. "पंडित खरं बोलला. बिल्ला मी उचलला होता. आणि नंतर टांगलाही मीच."

मग थांबले नाहीत. नळ, बादल्या, खिशातले दोन बिल्ले, गळ्यात अडकलेले शब्द, सगळं ओकून टाकलं. चौकशीत 'मी वर होतो' म्हणालो तेव्हा पंडित समोर बसला होता आणि मी छताकडे बघत होतो, हेही सांगितलं. कुंदनच्या हाताची घडी कधी सुटली कळलं नाही. तो "आबा?" एवढंच म्हणाला आणि भिंतीला धरून खाली बसला.

मृणालीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. राग होता की आनंद, तिचं तिलाच ठाऊक नसावं. "त्रेपन्न वर्षं!" ती आबांवर ओरडली. "त्रेपन्न वर्षं तुम्ही शाली घेतल्या!" मग आजोबांकडे वळली. "आजोबा, झालं! ऐकलंत ना? सुटलात तुम्ही!"

"अर्ज करू नको," पंडित म्हणाला.

"काय?"

"नको करू, बेटा. फाड तो." त्याने झुलालकडे पाहिलं. "तुले काय वाटनं, माले माहीत नव्हतं? तुला दोन बिल्ले उचलताना मी पाहिलं. तेलाच्या डब्याच्या चकचकीत झाकणात दिसला होतास. रोजच उचलायचे सगळे, मी काय बोलणार? आणि आकड्यावर परत आलेला बिल्ला बघितला तेव्हाच कळलं, कुणाचं काम ते."

आबा खाटेकडे सरकले. "मग माझं नाव का नाही घेतलंस? एक शब्द बोलला असतास तरी सुटला असतास, भाऊ!"

"सुटलो नसतो." पंडितला धाप लागली. मृणालीने पाठ चोळली, त्याने हातानेच तिला थांबवलं. "चाक अर्धं फिरलं होतं आणि झाकणाच्या खालून वाजायला लागलं. लाकडी हातोडी. ठक, ठक, ठक. चाक उलटं फिरवायचं होतं फक्त. वर निरोप पाठवायचा होता, आत माणूस आहे, काय करू? कप्तानाने ठरवलं असतं."

"आजोबा, एकशे तीस माणसं होती जहाजावर," मृणाली म्हणाली. "तुम्ही थांबला असतात तर..."

"ते मी लोकांना सांगू शकलो असतो. चांगलं दिसलं असतं. पण तेव्हा मला एकशे तीस आठवले नाहीत बेटा. मी एकटाच आठवलो. भिंतीपलीकडे आग होती आणि मला मरायचं नव्हतं. मी चाक पूर्ण फिरवलं." त्याने मान झुलालकडे वळवली. "झुलालचं नाव घेतलं असतं तर पुढचा प्रश्न मलाच होता. दोन बिल्ले नेताना पाहिलंस, आतून वाजताना ऐकलंस, मग पाणी का सोडलंस? म्हणून मी तेवढंच बोललो जेवढं मला परवडत होतं. फळा रिकामा होता. शिक्षा बरोबरच झाली. फक्त शिक्षेचं कारण तेवढं चुकीचं लिहिलं."

आबा इथे येताना मनात एकच धरून आले होते. बोलून टाकायचं, शिव्या खायच्या, लेकासमोर तोंड काळं करून घ्यायचं, पण निदान मोकळं तरी व्हायचं. आता त्यांना कळलं की मोकळं होणं वगैरे काही नसतं. आपल्याला वाटत होतं आपण एकटेच त्या कोठारात कोंडलेलो आहोत. तर पंडितही तिथेच, इतकी वर्षं, त्याच अंधारात, हाकेच्या अंतरावर. दोघांपैकी एकानेही दुसऱ्याला हाक मारली नाही. आबा रडायला लागले. बापाला असं रडताना कुंदनने कधी पाहिलं नव्हतं. तो जागचा उठला नाही, पण बाहेरही गेला नाही.

मृणाली बराच वेळ फाईलकडे बघत बसली. आलेली उत्तरं, शिक्के, तारखा, दोन वर्षांची मेहनत होती तिची. शेवटी तिने फोनकडे हात नेला. "हे बंद करू?"

"नको," आबा म्हणाले. त्यांनी टोपीने डोळे पुसले. इतकी भाषणं झाली, पण त्यांनी त्या पोराचं पूर्ण नाव कधी घेतलं नव्हतं. नुसतं 'आमचा आधार' म्हटलं की काम भागायचं. "लिही. आधार दगा सोनवणे. तालुका एरंडोल. वय एकवीस."

"वीस," पंडित म्हणाला. "संक्रांतीनंतर एकविसावं लागणार होतं."

"वीस. कोपऱ्यातला गोळा हलू नये म्हणून पाचर ठोकायला मागे थांबला असेल. तशी खोडच होती त्याला, काम अर्धं सोडायचा नाही. लिही, फळा रिकामा होता आणि माणूस आत होता." आबांना पुढचं वाक्य जड गेलं, पण या वेळी ते गळ्यात अडकलं नाही. "आणि हे आम्हा दोघांना माहीत होतं."

मृणालीने कागदावर लिहिलं. दोघांना माहीत होतं.

"तिघांना," पंडित म्हणाला. "चाकाशी मी आहे हे आधारला ठाऊक होतं. तो माझं नाव घेऊन हाका मारत होता."